दशावतारातील भाषाप्रभुत्वाचा प्रश्न

भूमिका वठविणाऱ्यास त्या भूमिकेची भाषा कितपत अवगत असावी? 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या भूमिकाखेळात पात्राला येणाऱ्या भाषांची केवळ नोंद पुरते. खेळाडूला त्या बोलाव्या लागत नाहीत. सिंधुदुर्गातील दशावतारी नटाला ही सवलत नाही. तेथे परंपरेने लिखित संहिता नसते. आख्यानाचे कथासूत्र आधी ठरते, संवाद मात्र रंगभूमीवरच घडतात. घरी मालवणी बोलणारा नट राजाच्या वेषात संस्कृतप्रचुर प्रमाण मराठी अस्खलित बोलतो.

या प्रमाण मराठीलाच भाषाप्रभुत्वाची एकमेव कसोटी मानणे अभ्यासदृष्ट्या अपुरे आहे. सहनटाचा अनपेक्षित प्रश्न झेलणे आणि तरीही कथासूत्र न सोडणे, हे प्रभुत्व शब्दसंग्रहाहून निराळे आहे. आडदसरातील संकासुराची मालवणी ही तर भाषिक उणीव नव्हेच. वेद पळविणारा हा असुर लोकबोलीतून प्रतिष्ठित भाषेची फिरकी घेतो; त्यासाठी नटाला दोन्ही भाषारूपांची मर्मे ठाऊक असावी लागतात. 1980 साली रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’मुळे मालवणी सर्वदूर पोहोचली, परंतु ‘हसविणारी बोली’ हा तिच्यावरील शिक्का मात्र अधिकच गडद झाला.

एका प्रयोगाचे लेखन म्हणजे दशावताराची संहिता नव्हे. एकाच आख्यानाचे अनेक प्रयोग ध्वनिमुद्रित करून त्यांतील संवाद ताडून पाहिल्याशिवाय या नटांच्या भाषासामर्थ्याविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.