हरवला होता, संपला नव्हता!



"आमच्या जास्वंदीवर रोज हमिंगबर्ड येतो," असं मला दरवर्षी कुणी ना कुणी कळवतंच. तुमचा हिरमोड करायला जिवावर येतं, पण तो हमिंगबर्ड नव्हे, आपला शिंजीर! हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत, आणि त्या सगळ्या उत्तर व दक्षिण अमेरिकेतच सापडतात. भारतात एकसुद्धा नाही. शिंजीर बहुतेक वेळा डहाळीवर टेकून फुलातला मध पितो. हमिंगबर्ड मात्र हवेत एकाच जागी तरंगत पितो, आणि पिऊन झालं की चक्क मागच्या मागे उडतो!

आज त्यातल्याच एकाची गोष्ट.

नकाशा काढा बरं. दक्षिण अमेरिकेच्या वरच्या टोकाला कोलंबिया देश दिसेल. तिथं कॅरिबियन समुद्राच्या अगदी जवळ एक डोंगररांग आहे, सिएरा नेवादा दे सांता मार्ता. तिची शिखरं ५,७०० मीटर उंच! आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे जवळजवळ साडेतीन कळसूबाई एकावर एक ठेवा. वर बर्फ, खाली उष्ण प्रदेशातलं रान. जगात दुसरीकडे कुठंही नसलेले कितीतरी पक्षी या एका डोंगरात राहतात.

'सांता मार्ता सेबरविंग' त्यांपैकीच एक. नर पाचूसारखा हिरवागार, गळा चमकदार निळा, चोच काळी नि किंचित वाकलेली. सेबर म्हणजे वाकडी तलवार. त्याच्या पंखातल्या बाहेरच्या पिसांचे दांडे जाड आणि वाकडे असतात, म्हणून हे नाव.

१८७९ साली शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं. पण १९४६ नंतर तो जणू अदृश्यच झाला. २०१० मध्ये एकदा संशोधकांना दिसला, फोटोही निघाले, आणि पुन्हा पत्ता नाही! शेवटी 'जगातले हरवलेले पक्षी' अशी एक यादी तयार झाली, तिच्यातल्या पहिल्या दहांत त्याचं नाव गेलं.

मग उजाडला जुलै २०२२. युर्गेन वेगा नावाचा तिथला अनुभवी पक्षीनिरीक्षक या डोंगरात पक्ष्यांची पाहणी करत होता. काम आटोपून तो निघण्याच्या बेतात होता. तेवढ्यात एका हमिंगबर्डनं त्याचं लक्ष वेधलं. "असेल नेहमीचाच" म्हणून तो चालू लागला असता तर? पण त्यानं दुर्बीण डोळ्यांना लावली. पक्षी फांदीवर बसला, वेगानं फोटो काढले. तोच तो, हरवलेला! पुढे संशोधकांनी त्याच डोंगरातल्या गुआतापुरी नदीच्या खोऱ्यात शोध चालू ठेवला, तेव्हा आणखीही काही पक्षी दिसले.

"चला, सापडला! संपली काळजी," असं म्हणाल, तर थांबा.

जगभरच्या प्राणी-पक्ष्यांची एक 'लाल यादी' असते. तिच्यात धोक्याच्या पायऱ्या असतात. असुरक्षित, त्याहून वाईट संकटग्रस्त, त्याहूनही वाईट अतिसंकटग्रस्त. त्यानंतर जंगलात कुठंच न उरणं, आणि सगळ्यात शेवटी नामशेष. आपला सेबरविंग अतिसंकटग्रस्त आहे. सापडल्यानंतरही! कारण सोपं आहे. डोंगराच्या उतारावरचं रान शेतीसाठी आणि गुरांच्या चराईसाठी तोडलं गेलंय. पक्षी उरलेत ते इवल्याशा टापूत. फोटो निघाला म्हणून तोडलेलं झाड काही परत उगवत नाही.

मग शोधून फायदा काय? फायदा आहे, बरं का. पक्षी कुठं आहे हेच ठाऊक नसेल, तर नेमकं कुठलं रान वाचवायचं हे कसं कळणार?

आपल्याकडेच असं घडलंय. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर दिसेना. सगळ्यांनी आशा सोडली. आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये तो पुन्हा दिसला. कुठं? आपल्या शहाद्याजवळच्या रानात! तब्बल ११३ वर्षांनी. मग लोक शोधू लागले. मेळघाटात सापडला, मुंबईपासून जवळ असलेल्या तानसाच्या जंगलातही सापडला. २०१८ मध्ये लाल यादीत तो अतिसंकटग्रस्तवरून संकटग्रस्तवर आला. एकच पायरी, पण चांगल्या दिशेनं!

तेव्हा एक काम करा. एक वही घ्या. पक्षी दिसला की तारीख, वेळ, जागा आणि तो काय करत होता, एवढं लिहा. नाव येत नसेल तर नुसता रंग आणि चोच लिहा. आईबाबांनाही सोबत घ्या, त्यांनाही सकाळी फिरायला निमित्त मिळेल! चिमणी-कावळे "नेहमीचेच" म्हणून गाळू नका हं. नेहमीचा पक्षी दिसेनासा झाला, हे ज्याच्याकडे वही असते त्यालाच आधी कळतं.

आणि हो, पहिल्या पानावर जास्वंदीवरचा शिंजीर चालेल. फक्त त्याला हमिंगबर्ड म्हणू नका!