खिशातला लांब पात्याचा चाकू

विळा-कोयता घेऊन कोणी बाजाराला जात नाही. पण सुतळी तोडा, पोत्याची शिवण उसवा, कलिंगड चिरा, ही कामे दिवसभर निघतातच. चिमुकल्या पात्याने कलिंगड चिरत नाही. मोठा घडीचा चाकू घ्यावा, तर जड मुठीने खिसा लोंबतो आणि दोन दिवसांत चाकू घरी खुंटीला!

यावर चांगली तोड निघाली ती फ्रान्सच्या डोंगराळ सॅव्हॉय भागात. अवजारे घडवणाऱ्या घरातल्या जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये पातळ पोलादी पाते साध्या लाकडी मुठीत बसवले. आज त्यातल्या १२ नंबरच्या चाकूचे पाते १२ सेंटिमीटर असते, तरी वजन १०० ग्रॅमच्या आत. १९५५ मध्ये मुठीला फिरती कडी आली. ती फिरवली की उघडे पाते मिटत नाही.

तुम्ही चाकू कुठलाही घ्या, पण अशी अडकण आहे ना, हे आधी पाहा. नुसता घट्टपणा कामाचा नाही. पाते उलटे दाबले गेले की बोटांवरच मिटते. साधे पोलाद गंजते, म्हणून लिंबू-कैरी कापल्यावर पाते पुसून तेलाचा हात फिरवा. चाकू पाण्यात मात्र टाकून ठेवू नका. लाकूड फुगले, की पाते उघडता उघडत नाही.