अमालेकाची आज्ञा आणि शौलाचा प्रश्न

हिब्रू धर्मग्रंथात, म्हणजे ख्रिस्ती परंपरा ज्याला ‘जुना करार’ म्हणते त्या ग्रंथसंग्रहात, युद्ध आणि आज्ञापालन यांविषयी काही स्थळे अशी आहेत की, ती वाचून मन अस्वस्थ होणे हेच वाचन नीट झाल्याचे लक्षण मानावे लागेल. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात कनान देशाच्या नगरांमध्ये श्वास घेणारे काहीही जिवंत ठेवू नये, असे इस्राएलांना सांगितले आहे, ‘यहोशवा’च्या सहाव्या अध्यायात यरीहोचा तसा संहार वर्णिला आहे, ‘गणना’च्या एकतिसाव्या अध्यायात मिद्यानी मुलगे आणि विवाहित स्त्रिया यांच्या वधाचा आदेश खुद्द मोशे देतो, आणि ‘पहिले शमुवेल’च्या पंधराव्या अध्यायात अमालेकी लोकांचा तान्ह्या मुलांसह निःपात करण्याची आज्ञा अपुरी पाळली म्हणून शौल राजाला राज्याला मुकावे लागते. शत्रूची माणसे आणि मालमत्ता देवाला वाहिलेली मानून ती नष्ट करण्याच्या या प्रकाराला ‘हेरेम’ ही संज्ञा आहे. अब्राहामाने आज्ञेवरून पुत्र इसहाक याला वेदीवर बांधल्याची कथा, जिला ज्यू परंपरेत ‘अकेदा’ म्हणतात, ती याच्या जोडीला ठेवली की आक्षेपाची मांडणी पुरी होते: निरपराधांचा वध आणि त्यासाठी प्रश्न न विचारता केलेले आज्ञापालन, हीच या ग्रंथाची शिकवण होय.

हा वाद मराठी भाषकांना दूरचा नाही. कोकणात शतकानुशतके ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्राएल समाजाची घरची भाषा मराठी, आणि १९४८ नंतरच्या स्थलांतराने मुंबईतील त्यांची वस्ती विरळ झाल्यावर या समाजाचे मुख्य केंद्र ठाण्याकडे सरकले. ठाण्यात टेंभी नाक्यावर १८७९ साली स्थापन झालेले ‘शाआर हाशामायिम’, म्हणजे ‘स्वर्गाचे द्वार’, हे त्यांचे सिनेगॉग आहे. ज्यू पद्धतीप्रमाणे मोशेची पाच पुस्तके, म्हणजेच तोरा, वर्षभरात क्रमाने संपूर्ण वाचली जातात, त्यामुळे अवघड स्थळ गाळण्याची सोयच उरत नाही. उलट पुरीम सणाआधीच्या शब्बाथाला अमालेकाने केलेल्या घाताचे स्मरण करण्याची आज्ञा आणि शौलाची ती कथा मुद्दाम वाचली जाते, तर नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी अकेदा वाचली जाते. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या बायबलमध्येही हीच पाने आहेत. तेव्हा या वचनांचे करायचे काय, हा प्रश्न येथील अनेक मराठी घरांत रोजच्या वाचनातून उभा राहतो.

या आक्षेपाचे, म्हणजे पूर्वपक्षाचे, मराठी प्रदेशातील रूप एकोणिसाव्या शतकात घडले. जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी १८२९ मध्ये मुंबईत आले, त्यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले आणि त्याच काळात पुराणांतील एकेक कथा पुढे करून हिंदू धर्मावर टीकाग्रंथ लिहिले. मोरभट दांडेकरांपासून विष्णुबावा ब्रह्मचारी यांच्यापर्यंत अनेकांनी मिशनऱ्यांना उत्तरे दिली. विष्णुबावांच्या १८५७ मधील समुद्रकिनाऱ्यावरील सभा प्रसिद्धच आहेत. पुढे स्वामी दयानंदांच्या ‘सत्यार्थप्रकाशा’च्या १८८४ च्या दुसऱ्या आवृत्तीत तेरावा समुल्लास आला आणि त्यात बायबलमधील वचने एकापाठोपाठ एक घेऊन त्यांचे खंडन केले गेले. या वादात दोन्ही बाजूंची पद्धत एकच होती: प्रतिपक्षाच्या ग्रंथातील वाक्य टीकेपासून, परंपरेपासून आणि आचारापासून सोडवून घ्यायचे आणि ते वाक्य म्हणजेच तो धर्म असे मानून निकाल द्यायचा. मराठी वाचकाला हिब्रू ग्रंथ भेटला तोही मुख्यतः मिशनऱ्यांच्या भाषांतरांतून, म्हणजे मूळ वचनाभोवती हजार-दीड हजार वर्षांत जमलेल्या ज्यू चर्चेवाचून. बेने इस्राएल समाजाने आपल्यासाठी मराठीत पुष्कळ निर्माण केले. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा ‘हागादा’ १८४६ मध्ये मुंबईत मराठीसह छापला गेला, जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले, १८८० पासून बायबलमधील चरित्रांवर मराठी कीर्तने होऊ लागली. ज्यू पंडितांच्या चर्चांचा संग्रह असलेल्या तल्मूदातील युद्धविषयक चर्चा मात्र सामान्य मराठी वाचकाच्या हाती सहज पडावी अशी कधीच नव्हती, आणि आक्षेपाला जे बळ मिळाले त्यातले निम्मे या उणिवेतून मिळाले आहे.

या पूर्वपक्षाला सहसा जी उत्तरे दिली जातात, त्यांतील तीन टाकाऊ आहेत आणि त्यांचे खंडन आक्षेपाच्या खंडनाआधी व्हायला हवे.

पहिले उत्तर असे की, आक्षेप घेणाऱ्याच्या ग्रंथांतही संहार आहे. महाभारतात खांडववन प्राण्यांसह जाळले जाते, जनमेजयाच्या सर्पसत्रात एका संपूर्ण जातीचा नाश आरंभला जातो, श्रियाळ आणि चांगुणा अतिथीच्या मागणीवरून आपला मुलगा चिलया याला कापतात. हे सारे खरे आहे, पण दुसऱ्याच्या घरातील दोष दाखवल्याने स्वतःच्या वचनाचा अर्थ लागत नाही.

दुसरे उत्तर असे की, कनानी लोक पापी होते, म्हणून त्यांना शिक्षा झाली. प्रौढांपुरते हे उत्तर मान्य केले तरी तान्ह्या मुलांपाशी ते कोसळते, आणि जो समर्थक मुलांच्या वधालाही न्याय म्हणू लागतो, त्याने ग्रंथाची बाजू राखली नसून स्वतःच्या न्यायबुद्धीचा बळी दिला आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

तिसरे उत्तर अधिक विद्वत्तेचे आहे: हे संहार घडलेच नाहीत. त्यात तथ्य बरेच आहे. कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात यरीहोचे उत्खनन केले, तेव्हा यहोशवाचा म्हणून जो काळ मानला जातो त्या काळातील तटबंदीचे नगर तेथे सापडले नाही. आय या नगराच्या मानल्या गेलेल्या टेकाडावरही त्या सुमारास वस्ती नव्हती. ग्रंथ स्वतःच विरुद्ध साक्ष देतो, कारण ‘यहोशवा’च्या दहाव्या आणि अकराव्या अध्यायांत जे लोक निःशेष झाले म्हणून सांगितले आहे, त्यांच्यापैकी पुष्कळ ‘शास्ते’च्या पहिल्याच अध्यायात आपापल्या गावी नांदताना दिसतात, आणि शौलाने संपवलेल्या अमालेक्यांशी दावीद ‘पहिले शमुवेल’च्याच सत्ताविसाव्या आणि तिसाव्या अध्यायांत पुन्हा लढतो. त्या काळच्या राजांची बोलण्याची रीतच अशी होती. १८६८ मध्ये उजेडात आलेल्या मवाबच्या मेशा राजाच्या शिलालेखात त्याने नबो येथील इस्राएलांना आपल्या देवतेसाठी असेच ‘हेरेम’ केल्याची बढाई आहे; आणि इजिप्तच्या मेर्नेप्ताह राजाने इसवी सनापूर्वी सुमारे १२०८ मध्ये इस्राएलाचे बीजही उरले नाही असे कोरून ठेवले, तेव्हा इस्राएलाचा इतिहास जेमतेम सुरू होत होता. तरीही या उत्तराने प्रश्न मिटत नाही. जे घडले नाही ते आदर्श म्हणून का लिहिले गेले, ही विचारणा उरतेच, आणि धर्मग्रंथातील आज्ञेचे भय तिच्या भूतकाळात नसून ती पुढे कोण कशी वापरील यात असते.

खरे मंडन येथून सुरू होते. धर्मवचन म्हणजे केवळ वाक्य नव्हे, तर त्या वाक्याचा अधिकार कोणाला, केव्हा, किती, हे ठरवणारा विचार त्याचाच भाग असतो, ही गोष्ट मराठी वाचकाला वेदवचनांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसाशास्त्रामुळे नवी नाही. शत्रूच्या मारणासाठी वेदात श्येनयाग सांगितला आहे, पण शबरस्वामींनी जैमिनीच्या दुसऱ्याच सूत्रावरील भाष्यात श्येनाला धर्माच्या कक्षेबाहेर ठेवले: वेद तेथे साधन सांगतो, हिंसा कर्तव्य म्हणून विहित करत नाही. धर्मशास्त्रकारांनी श्रुतिस्मृतींत सांगितलेले अनेक आचार ‘कलिवर्ज्य’ ठरवून बंद केले, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याची सविस्तर नोंद केली आहे. वचन पुसले नाही, पण त्याची अंमलबजावणी थांबवली. ज्यू पंडितांनी हेरेमच्या बाबतीत याहून वेगळे काही केलेले नाही.

इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या विधिसंहितेत एक प्रसंग आहे. अम्मोनी वंशाचा एक धर्मांतरित मनुष्य अभ्यासगृहात येतो आणि आपल्याला समाजात प्रवेश आहे का, असे विचारतो, कारण तोराच्या वचनाने अम्मोन्यांना मज्जाव आहे. रब्बी यहोशुआ म्हणतात की, अश्शूरच्या सन्हेरीब राजाने सर्व राष्ट्रांची सरमिसळ केली, आता कोण अम्मोनी हे सांगता येत नाही. आणि त्याला प्रवेश मिळतो. हाच धागा पकडून बाराव्या शतकातील मैमोनिदीस यांनी आपल्या ‘मिश्ने तोरा’ या विधिग्रंथात कनानच्या सात राष्ट्रांचा मागमूस केव्हाच नष्ट झाला आहे असे नमूद केले. शिवाय त्यांनी नियम दिला की, कोणतेही युद्ध, मग ते त्या सात राष्ट्रांशी वा अमालेकाशी का असेना, शांततेचा प्रस्ताव पाठवल्याशिवाय सुरू करता येत नाही. यहोशवानेही देशात शिरण्याआधी तीन पत्रे पाठवली होती, ही जुनी परंपरा त्यांनी आधाराला घेतली. ऐच्छिक युद्धासाठी एकाहत्तर सदस्यांच्या महान्यायसभेची संमती लागते, असे मिश्ना सांगते, आणि ती न्यायसभा तर पाचव्या शतकापासून अस्तित्वातच नाही. वेढा घातलेल्या नगराची फळझाडे तोडू नयेत, हे वचन ज्या अध्यायात कनानच्या संहाराची आज्ञा आहे त्याच विसाव्या अध्यायात आहे. पंडितांनी संहाराचे वचन आवळत नेले आणि झाडांचे वचन विस्तारत नेऊन सर्व प्रकारच्या निरर्थक नासाडीच्या बंदीचा पाया केले. या निवडीमागे त्यांची नैतिक दृष्टी उघड दिसते.

आज्ञापालनाच्या आक्षेपाचे उत्तरही ग्रंथातच आहे. यज्ञापेक्षा आज्ञापालन श्रेष्ठ, हे शमुवेल संदेष्ट्याचे वचन हुकूमशाहीच्या सोयीने अनेकदा उद्धृत केले जाते, पण ते लुटीची गुरे यज्ञाच्या नावाखाली राखणाऱ्या राजाला उद्देशून आहे. अब्राहाम अकेदेच्या वेळी गप्प राहतो हे खरे. तोच अब्राहाम सदोम नगराच्या बचावासाठी देवाशी घासाघीस करीत पन्नास नीतिमानांवरून दहांवर येतो, आणि हा वाद घातल्याबद्दल त्याला कोठेही दोष दिलेला नाही. अकेदेचा शेवट वध थांबवण्यात होतो, आणि यिर्मयाच्या एकोणिसाव्या अध्यायात मुलांची होळी करणे हे देवाच्या मनातही आले नव्हते असे म्हटले आहे. तल्मूद ते वाक्य इसहाकालाही लागू करते. मोशेची गोष्ट याहून बोलकी आहे. सीहोन राजाशी युद्ध पुकार, अशी आज्ञा असताना तो आधी शांततेचे दूत पाठवतो, आणि ‘मिद्राश’ या भाष्यपरंपरेत देव त्याला दोष न देता त्याच्या कृतीचाच नियम करतो, म्हणून युद्धाआधी शांततेचा प्रस्ताव द्यावा असे वचन आले, असा अन्वय लावला आहे. येथे शिष्याच्या विवेकाने गुरूची आज्ञा सुधारली आणि गुरूने ती सुधारणा शास्त्रात घेतली.

ठाण्याशी नाते सांगणाऱ्या समाजानेही हे स्वतःच्या आचरणात दाखवले आहे. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने बेने इस्राएलांच्या विवाहांआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा नियम काढला. कोकणातून गेलेल्या या लोकांनी धर्माधिकाऱ्यांची आज्ञा म्हणून ती निमूटपणे मानली नाही. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे ठरवून त्यांची बाजू घेतली. आपला धर्म अंध आज्ञापालनाचा नाही, हे या समाजाने रस्त्यावर बसून सिद्ध केले, आणि याचा अभिमान बाळगणे योग्यच आहे.

मात्र या मंडनात एक उघडी जागा आहे आणि ती झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. सात राष्ट्रे नामशेष झाली असे म्हणणाऱ्या मैमोनिदीस यांनी अमालेकाविषयी तसे म्हटलेले नाही. त्यामुळे प्रत्येक काळातील शत्रूला अमालेक हे नाव देण्याची वाट मोकळी राहिली. १९९४ च्या पुरीमच्या दिवशी हेब्रोन येथे एका ज्यू डॉक्टराने नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांना ठार मारले. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्राएलच्या पंतप्रधानांनी गाझा युद्धाच्या संदर्भात अमालेकाच्या स्मरणाचे वचन उच्चारले, आणि त्यातून संहाराचा अर्थ अभिप्रेत नसल्याचे त्यांच्या कार्यालयाने सांगितले तरी दक्षिण आफ्रिकेने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यात त्या उल्लेखाचा आधार घेतला. ठाण्यातील अनेक घरांचे आप्त इस्राएलमध्ये राहतात आणि त्यांच्या जिवाची काळजी खरी आहे. पण ही काळजी कितीही खरी असली तरी एखाद्या समाजाच्या मुलांना अमालेक ठरवण्याचा अधिकार तिच्यातून निर्माण होत नाही.

अमालेकाच्या कथेवर तल्मूदाने केलेले भाष्य येथे सर्वांत मोलाचे ठरते. ‘योमा’ या प्रकरणात शौल आज्ञा ऐकून युक्तिवाद करतो: एकाच माणसाचा खून झाला तरी तोरा प्रायश्चित्त करायला लावते, मग इतक्या जिवांचे काय? माणसांनी पाप केले असेल, गुरांनी काय केले? मोठ्यांनी केले असेल, लहानग्यांनी काय केले? आकाशवाणी त्याला अति नीतिमान होऊ नकोस असे बजावते. पुढे तोच शौल नोब येथील याजकांची सरसकट कत्तल करवतो, तेव्हा तीच वाणी अति दुष्टही होऊ नकोस असे म्हणते. तल्मूदाने शौलाची बाजू स्वीकारली असे म्हणता येत नाही. परंतु दयानंदांच्या कितीतरी शतके आधी आक्षेपाची सर्वांत धारदार मांडणी ज्यू पंडितांनीच केली आणि ती अमालेकाच्याच कथेत, राजाच्या मुखी घातली. ज्या शब्बाथाला टेंभी नाक्यावर अमालेकाचे वचन वाचले जाते, त्या दिवशी शौलाचा हा प्रश्नही मराठीत वाचला जावा, आणि कीर्तनाची परंपरा असलेल्या समाजाला त्यावर निरूपण रचणे मुळीच अवघड नाही. त्या निरूपणात आणखी एका नोंदीला स्थान द्यावे लागेल. शौलाने जिवंत ठेवलेल्या अगाग या अमालेकी राजाचा वंशज म्हणजे पुरीमच्या कथेतील खलनायक हामान, असे परंपरा मानते. आणि तल्मूद ‘गित्तिन’ प्रकरणात सांगते की, हामानाच्या वंशजांनी बने ब्राक येथे तोराचे अध्ययन केले. आजच्या कोणत्याही माणसाला अमालेक म्हणू पाहणाऱ्याला आधी तल्मूदातील ही ओळ खोडावी लागते, आणि तिला हात लावण्याचा अधिकार कोणत्याही रब्बीला मिळालेला नाही.