श्रद्धेचें नांव कीं पंथाचें नांव?

सन २०११ च्या शिरगणतीच्या तक्त्यांत धर्माच्या सदरासाठीं सहा धर्मांस सहा आंकडे नेमून दिलेले होते व त्यांपैकीं ३ हा आंकडा ख्रिस्ती धर्माचा होता. गणकानें तो आंकडा लिहिला कीं, वसईचा कॅथॉलिक, नगरचा प्रॉटेस्टंट, केरळांतून नोकरीनिमित्त मुंबईस आलेला सिरियन आणि बुलढाण्याचा नाझरीन हे सर्व एकाच ओळींत येऊन बसले. त्या गणतींत हिंदुस्थानांतील ख्रिस्त्यांची संख्या सुमारें २ कोटी ७८ लक्ष व महाराष्ट्रांतील सुमारें १० लक्ष ८० हजार भरली. सरकारच्या दृष्टीनें हा एक समाज झाला. परंतु याच समाजांतील एखाद्या गृहस्थास त्याच्या धर्मबंधूनें "आपण कोण?" असें विचारिलें, तर "मी ख्रिस्ती" एवढेंच उत्तर क्वचितच मिळतें. "आम्ही कॅथॉलिक", "आम्ही मेथडिस्ट", "आम्ही सी. एन. आय. चे" असेंच बहुधा ऐकूं येतें. परक्यापाशीं धर्माचें नांव आणि आपसांत पंथाचें नांव, असा हा दुहेरी व्यवहार आहे. तो कोठून आला, त्यांत तत्त्वाचा भाग किती व वहिवाटीचा किती, याचा विचार करण्याचें आज योजिलें आहे. हा विषय दुसऱ्याच्या घरचा आहे, त्याच्याशीं आपणांस काय कर्तव्य, असें कांहीं वाचक म्हणतील. पण महाराष्ट्रांतील ख्रिस्ती हे आपलेच शेजारी व आपलीच भाषा बोलणारे लोक आहेत. आणि जो रोग त्यांच्यांत दिसतो, त्यापासून आपण मुक्त आहों असें छातीस हात लावून कोणास म्हणतां येईल?

ख्रिस्ताच्या अनुयायांस 'ख्रिस्ती' हें नांव प्रथम अंत्युखिया शहरीं मिळालें, असें नव्या करारांत नमूद आहे. करिंथ येथील मंडळींत कोणी पौलाच्या, कोणी अपुल्लोच्या, कोणी केफाच्या नांवानें तट पाडूं लागले, तेव्हां खुद्द पौलानें त्यांची चांगलीच कानउघाडणी केली, हेंही त्याच ग्रंथांत आहे. तात्पर्य, धर्माचें नांव आणि तटाचें नांव या दोहोंचा झगडा त्या धर्माइतकाच जुना आहे. पुढें १०५४ सालीं रोम व कॉन्स्टँटिनोपल यांची फारकत झाली. १५१७ सालीं ल्यूथरनें जर्मनींत वादास तोंड फोडिलें. १५३४ सालीं इंग्लंडच्या राजानें पोपची सत्ता झुगारून दिली. अठराव्या शतकांत वेस्लीच्या उपदेशांतून मेथडिस्ट पंथ निघाला. या प्रत्येक भांडणास त्या त्या देशांत सबळ कारणें होतीं, व त्यांपायीं माणसांनीं तुरुंग व मरणही पत्करिलें. त्या वादांस क्षुल्लक म्हणणें अन्यायाचें होईल. प्रश्न इतकाच कीं, ते वाद आमच्या कोंकणांत आणि देशावर कसे येऊन पोंचले?

ज्या १५३४ सालीं इंग्लंड रोमपासून तुटलें, त्याच सालीं वसई पोर्तुगीजांच्या हातीं गेली, आणि तेथील ख्रिस्ती रोमचे अनुयायी झाले. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. पोर्तुगीज गेले, पण हा समाज व त्याची श्रद्धा तेथेंच राहिली. १८१३ सालीं अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले व १८३१ सालीं त्यांनीं नगरास ठाणें दिलें. १८२३ सालीं स्कॉटिश मिशनरी दक्षिण कोंकणांत आले. १८५२ सालीं दुसरे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरास गेले. एकमेकांच्या कामांत ढवळाढवळ होऊं नये म्हणून पुष्कळ प्रॉटेस्टंट मिशनांनीं आपसांत मुलूख वांटून घेतला. उद्देश सलोख्याचा होता. परिणाम मात्र असा झाला कीं, मनुष्याचा पंथ त्याच्या विचारानें न ठरतां तालुक्याच्या हद्दीनें ठरूं लागला. नगरकडील मनुष्य काँग्रिगेशनल झाला आणि कोल्हापुराकडील प्रेसबिटेरियन झाला, तो कांहीं चर्चच्या राज्यपद्धतीचा तौलनिक अभ्यास करून नव्हे. चार पेढ्यांनीं बाजारपेठा वांटून घ्याव्या, आणि गिऱ्हाइकांच्या नातवंडांनीं त्या पेढ्यांच्या नांवांवरून एकमेकांशीं सोयरीक तोडावी, तशांतलाच हा प्रकार होय.

ही विसंगति आमच्याकडील विचारी ख्रिस्त्यांच्या ध्यानांत फार लवकर आली. पंडिता रमाबाई यांनीं १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला, तो अँग्लिकन पंथाच्या भगिनींच्या आश्रयास असतां. पण आपण ख्रिस्तास शरण गेलों आहों, कोणा एका पंथाच्या अधिकाऱ्यांस नव्हे, आणि जें मत आपणांस पवित्र शास्त्रांत आढळत नाहीं तें केवळ कोणी सांगितलें म्हणून पत्करणार नाहीं, हें आपलें म्हणणें त्यांनीं आपल्या गुरुस्थानीं असलेल्या भगिनींसही पत्रांतून स्पष्टपणें कळविलें. पुढें केडगांवच्या मुक्तिसदनाचें दार त्यांनीं निरनिराळ्या पंथांच्या कार्यकर्त्यांस उघडें ठेविलें. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं तर १९१७ सालीं 'देवाचा दरबार' स्थापून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस एकत्र बोलाविलें. १९१९ सालीं त्यांचें देहावसान झाल्यावर तो दरबार टिकला नाहीं; परंतु त्यांचीं भजनें मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पंथाची हद्द न विचारतां आजही गाइलीं जातात.

व्यक्तींनीं जें केलें, तें पुढें संस्थांनींही मनावर घेतलें. १९१९ सालीं तरंगंबाडी येथें दक्षिणेंतील पाद्री जमले. त्यांत बहुतेक हिंदी होते व बिशप अझरया हे प्रमुख होते. हे भेद आम्हीं निर्माण केले नाहींत, ते बाहेरून आमच्यावर लादले गेले, अशा आशयाचें निवेदन त्यांनीं काढिलें. त्यानंतर अठ्ठावीस वर्षें वाटाघाटी चालून २७ सप्टेंबर १९४७ रोजीं मद्रासेंत 'चर्च ऑफ साउथ इंडिया' स्थापन झालें. बिशप मानणारे व न मानणारे यांचा तेथें मेळ बसला तो असा: जुन्या पाद्र्यांस आहे तसें मान्य करावयाचें, आणि पुढील दीक्षा मात्र बिशपांच्या हातून द्यावयाची. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं आमच्या नागपुरास सहा चर्चें मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालें. त्यांत बालकांस बाप्तिस्मा देणारे आणि प्रौढपणींच देणारे असे दोन्ही पक्ष होते. दोन्ही रीति ग्राह्य धरून त्यांनीं तो वाद मिटविला. अमेरिकन परंपरेचें मेथडिस्ट चर्च मात्र ऐन वेळीं मागें सरलें. तरी शेंकडों वर्षांचा तंटा सलोख्यानें मिटूं शकतो, हें या दोन प्रसंगांनीं सिद्ध केलें.

मग सर्वच पंथांचीं नांवें टाकून द्यावीं काय? हा उपाय दिसतो तितका सोपा नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत स्टोन व कँबेल यांनीं हाच उपदेश केला कीं, पंथांचीं नांवें सोडा व निव्वळ ख्रिस्ती व्हा. हजारों लोक त्यांना मिळाले. शेवट काय झाला? त्या निव्वळ ख्रिस्त्यांचेच तीन पंथ झाले; आणि त्यांपैकीं एकाची हिंदुस्थानांतील शाखा १९७० सालीं नागपुरास एकीकरणांत सामील झाली. नांव पुसल्यानें मतभेद पुसला जात नाहीं, हा यांतील धडा आहे. प्रभुभोजनांत काय घडतें, बिशपाचा अधिकार कोठून येतो, परंपरेस किती मान द्यावा, हे प्रश्न श्रद्धावान् मनुष्यास खरोखरीचे आहेत. कॅथॉलिकास त्याचें चर्च म्हणजे श्रद्धेवर मागाहून चिकटविलेली चिठ्ठी वाटत नाहीं; त्याच्या मतें श्रद्धा त्या चर्चमधूनच त्याच्यापर्यंत आली. अशा मनुष्यास "तूं आधीं ख्रिस्ती कीं आधीं कॅथॉलिक?" असें विचारणें म्हणजे त्यास न समजून घेणें होय.

तेव्हां आमचा आक्षेप पंथाच्या नांवावर नाहीं. तें नांव जेव्हां मतापासून सुटून मिळकतीस, सोयरिकीस आणि स्मशानास चिकटतें, तेव्हां अनर्थास आरंभ होतो. गुजराथेंत ब्रदरन पंथाच्या मिळकतीचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि केवळ एकीकरणाच्या ठरावानें जुन्या संस्थेची मिळकत नव्या चर्चकडे जात नाहीं, असा निकाल २०१३ सालीं लागला. कायद्याच्या दृष्टीनें त्यांत नवल नाहीं. कोणत्याही व्यापाऱ्यास तें समजेल. पण जी एकी प्रार्थनेनें झाली ती खरेदीखतापाशीं अडली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. केरळांत याहून दुःखद प्रकार झाला. तेथील ऑर्थोडॉक्स व जॅकोबाइट या दोन पक्षांची उपासना एक, परंपरा एक. वाद मुख्यतः अधिकार कोणाचा व चर्चें कोणाच्या ताब्यांत, याचा. ३ जुलै २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाल्यावरही तंटा थांबला नाहीं. आणि पूर्वजांच्या स्मशानांत प्रेत पुरूं द्यावें कीं नाहीं येथपर्यंत मजल गेल्यामुळें राज्य सरकारास २०२० सालीं त्यासाठीं निराळा कायदा करावा लागला. ज्या धर्मांत मृतांच्या पुनरुत्थानाची आशा आहे, त्यांतील मृतास मूठमाती मिळण्यासाठीं कायदा लागावा, याहून पंथाभिमानाचा दुसरा पराभव तो कोणता?

आम्हांस असें वाटतें कीं, ख्रिस्ती समाजाच्या पुढाऱ्यांनीं धर्मसिद्धांतांचा निर्णय खुशाल शास्त्रज्ञांवर सोंपवावा; परंतु तीन व्यवहाराच्या गोष्टी त्यांच्या हातच्या आहेत. पहिली, जेथें जागा आहे तेथें स्मशानभूमि बाप्तिस्मा घेतलेल्या सर्वांस खुली असावी. दुसरी, पंथापंथांतील विवाहास आडकाठी करूं नये. रोमचें चर्चही दुसऱ्या पंथांतील बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीशीं विवाह करण्यास बिशपाच्या परवानगीनें मोकळीक देतें. मग घरच्या वडील मंडळींनीं बिशपाहून कडक व्हावें याला आधार काय? आणि पुष्कळ वेळां पंथाच्या सबबीआड पूर्वाश्रमीची जातच उभी असते, हें त्यांनीं मनाशीं कबूल करावें. तिसरी, चर्चच्या मिळकतींचे हिशेब दरसाल छापून सर्व सभासदांपुढें ठेवावे. म्हणजे कोणता तंटा मतासाठीं आहे आणि कोणता भाड्याच्या उत्पन्नासाठीं आहे, हें आपोआप उघड होईल.

प्रसंग अनुकूल आहे. कॅथॉलिक चर्चनें १९६४ सालीं इतर ख्रिस्त्यांस विभक्त झालेले बंधु म्हणून संबोधिलें. १९९९ सालीं ल्यूथरन मंडळाबरोबर, ज्या सिद्धांतावरून मूळ फाटाफूट झाली त्यावरच, बहुतांशीं एकमत झाल्याचें त्यानें जाहीर केलें. जेथें भांडण जन्मास आलें तेथेंच जर तें शमत असेल, तर तें येथें जतन करून ठेवण्यांत काय पुरुषार्थ आहे?

आणि इतर वाचकांस एक विनंती. हें वाचून शेजाऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपण आपलें नांव कसें सांगतों हें प्रत्येकानें आठवून पहावें. परदेशीं "हिंदु", मुंबईस "मराठा" किंवा "ब्राह्मण", आणि लग्नाच्या बैठकींत पोटजात व शाखा. हा क्रम त्या ख्रिस्ती गृहस्थाच्या क्रमाहून फारसा निराळा नाहीं. जें नांव सांगतांना त्याचें कारणही सांगतां येतें, तें नांव मनुष्यानें अवश्य बाळगावें. ज्याचें कारण विचारिलें असतां "वडिलांपासून चालत आलें आहे" याखेरीज उत्तर सुचत नाहीं, त्या नांवापायीं कोणाचा विवाह मोडूं नये, आणि कोणाचें प्रेत दारांत अडवूं नये.