शाळेला अचानक सुट्टी जाहीर झाली, तर मूल कोणाकडे ठेवायचं?

रात्रीचे नऊ-साडेनऊ वाजलेले असतात. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पीडीएफ येते. जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र, खाली सही-शिक्का. उद्या जिल्ह्यातल्या सर्व शाळांना सुट्टी. मुलं खूश होतात. आईच्या डोक्यात मात्र हिशोब सुरू होतो: उद्या दुकानात खाडा पडला, तर या महिन्यातला तो कितवा?

परभणीत हा हिशोब फक्त पावसाळ्यात करावा लागतो असं नाही. कधी बंद असतो, कधी शिक्षकांचं आंदोलन, कधी निवडणूक, कधी ऊन. कारणं वेगळी असली तरी घरातला प्रश्न एकच असतो. तो सोडवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे मात्र कुठल्याच पत्रात लिहिलेलं नसतं.

सुट्टी देतं कोण?

पावसाची सुट्टी जिल्हाधिकारी देतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि लोकांच्या जिवाला धोका वाटला, तर असे आदेश काढण्याचे अधिकार त्यांना त्यातून मिळतात. परभणीत हा धोका खरा आहे. जायकवाडीतून सोडलेलं पाणी गोदावरीने पाथरी, सोनपेठ, गंगाखेडच्या काठाने खाली येतं. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे, सेलूकडे निम्न दुधना. धरणांचे दरवाजे उघडले आणि त्यात गावचे ओढे भरले, की शाळेच्या वाटेवरचा पूल पाण्याखाली जातो. अशा दिवशी मुलांना घरी ठेवणं बरोबरच आहे. त्याबद्दल तक्रार असायचं कारण नाही.

बंदचा प्रकार वेगळा. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, जमावबंदी लागू झाली, इंटरनेटही बंद करण्यात आलं. ज्या शाळांचा सगळा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवरून जातो, त्यांच्या पालकांसाठी अशा दिवशी साधी चौकशीही अवघड होते. शाळेत गेलेल्या मुलाला आणायला कोण आणि कोणत्या रस्त्याने जाणार, हा प्रश्न मग दुपारीच उभा राहतो.

शिक्षकांच्या आंदोलनाच्या दिवशी तर बहुतेक वेळा सरकारी सुट्टीचं पत्रच नसतं. जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये सात दिवस संप झाला. २५ सप्टेंबर २०२४ रोजी संचमान्यता आणि कंत्राटी शिक्षकांच्या धोरणाविरोधात सामूहिक रजा होती. टीईटी सक्तीवरून ५ डिसेंबर २०२५ रोजी राज्यभर ‘शाळा बंद’ झाली. आंदोलनाची तारीख बरीच आधी ठरते; पण आपली शाळा त्यात आहे की नाही, हे पालकाला आदल्या संध्याकाळी कळतं. कधी थेट फाटकाशी.

आणि काही वेळा सुट्टी नसतानाही सुट्टी होते. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी ‘१८ ते २० नोव्हेंबर सर्व शाळा बंद’ असे मेसेज फिरले. सरसकट सुट्टी नाही, सगळे शिक्षक निवडणूक कामाला गेलेत अशाच शाळांबाबत मुख्याध्यापकांनी निर्णय घ्यावा, असा खुलासा शिक्षण आयुक्तांना करावा लागला. तोपर्यंत अनेक घरांत रजेचे अर्ज लिहूनही झाले असतील.

उन्हाची गोष्ट जरा फसवी आहे, कारण शाळा बंद होत नाही, फक्त लवकर सुटते. मार्च २०२५ मध्ये राज्यभरातल्या प्राथमिक शाळांना सकाळी ७ ते ११.१५ ही वेळ ठरवून देण्यात आली. परभणीचं एप्रिलमधलं ऊन पाहता त्यात चूक काही नाही. पण आई नऊला घर सोडून सहाला परतत असेल, तर सव्वाअकरा ते सहा मूल एकटंच. ही रोजची अर्धी सुट्टी कोणी मोजत नाही.

पत्रात काय असतं, काय नसतं

पावसाच्या सुट्टीची पत्रं नीट वाचली, तर त्यांत अनेकदा एक ओळ सापडते: विद्यार्थ्यांना सुट्टी, मात्र मुख्याध्यापक, शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी शाळेत उपस्थित राहून आपत्तीच्या कामात मदत करावी. म्हणजे इमारत उघडी आहे, मोठी माणसं आत आहेत, आणि मुलं घरी आहेत.

ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या मुलाने येऊ नये, हे खरंच. पण ज्याचं घर शाळेपासून दोन गल्ल्यांवर आहे आणि घरात दिवसभर कोणीच नाही, त्या सात वर्षांच्या मुलासाठी पत्र्याच्या खोलीपेक्षा शाळेची पक्की खोली जास्त सुरक्षित असू शकते. शाळेची इमारत धोकादायक नसेल तर अशा मुलांना तिथे बसू द्यायला काय हरकत आहे? ‘ज्यांच्या घरी सांभाळायला कोणी नाही, अशा मुलांची शाळेत बसण्याची सोय करावी’, एवढं एक वाक्य पत्रात घालता येईल.

दुपारच्या जेवणाचंही तसंच. शाळा भरली आणि धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी नाही म्हणून आहार शिजला नाही, तर २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांनुसार मुलाला अन्न सुरक्षा भत्ता मिळायला हवा. मात्र हा नियम शाळेच्या दिवसापुरता आहे. सुट्टी जाहीर झाली की त्या दिवशीच्या खिचडीचा हक्कही संपतो. आई मजुरीला गेलेली, तिचाही रोज बुडण्याची भीती, आणि मुलाचं एक वेळचं जेवण घरच्या खर्चात येतं.

रजा कोणाला मिळते?

सगळ्यात मोठी विषमता इथे आहे. राज्य सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, पण ती आधी अर्ज आणि मंजुरी घेऊन वापरायची असते. रात्री साडेनऊला आलेल्या पीडीएफवर तिचा उपयोग नाही. तिथे नैमित्तिक रजाच कामी येते. निदान ती आहे.

खासगी दुकानं आणि आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा वर्षाला आठ पगारी नैमित्तिक रजा देतो. त्या तीन-तीन महिन्यांनी खात्यात जमा होतात, म्हणजे तिमाहीला दोन. शिवाय छोट्या दुकानांना या तरतुदी लागूच नाहीत. कायदा आला तेव्हा मर्यादा दहा कामगारांची होती. ती वीस करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. बाजारपेठेतल्या कापडाच्या, औषधांच्या, मोबाईलच्या साध्या दुकानात वीस माणसं कुठून असणार? पाळणाघराची सक्तीही ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणीच आहे आणि तो विचार तान्ह्या, लहान मुलांचा आहे. तिसरीतल्या मुलाचा नाही.

शेतमजुरीत तर रजा हा शब्दच नाही. कापूस वेचणीला किलोवर पैसे मिळतात. जितकी वेचणी तितकी मजुरी. २०२४ चा बंद आणि २०२५ चं शिक्षकांचं आंदोलन, दोन्ही डिसेंबरात होते. मानवत, सेलूच्या बाजारात कापूस येत असतो, ते हे दिवस.

बाहेर याचा विचार झालेला दिसतो. ब्रिटनमध्ये १९९६ च्या रोजगार हक्क कायद्यानुसार मुलाला सांभाळायची व्यवस्था अचानक कोलमडली, तर कामावरून वेळ काढण्याचा हक्क आहे. पगार मिळेलच असं नाही, पण नोकरी जात नाही. कोविडमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा जर्मनीने मार्च २०२० मध्येच कायदा बदलून घरी थांबाव्या लागलेल्या पालकांना बुडालेल्या उत्पन्नाच्या ६७ टक्क्यांपर्यंत भरपाई दिली. आपल्याकडे त्याच काळात शाळा दीड वर्षाहून जास्त बंद राहिल्या आणि पालकांच्या कामाचा प्रश्न घरातच सुटला, किंवा सुटला नाही.

घरात तो ‘सुटतो’ कसा?

आजी असेल तर आजी. नसेल तर आईचा खाडा; बाबांचा क्वचितच, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. आणि आईला खाडा परवडत नसेल, तर मोठी बहीण.

अंगणवाडी सेविकांचा संप ४ डिसेंबर २०२३ ला सुरू झाला आणि जवळपास सात आठवडे चालला. सेविकांच्या मागण्या रास्त होत्या की नाही, हा इथे विषय नाही. पण त्या काळात तीन-चार वर्षांच्या मुलांना सांभाळायला कोण होतं, हा प्रश्न फारसा चर्चेत आला नाही. अशा वेळी सहावी-सातवीतल्या मुलीची शाळा सुरूच असते. धाकट्या भावाला सांभाळायला तीच घरी थांबली, तर हजेरीपटावर फक्त ‘गैरहजर’ लागतं, कारण लिहिलं जात नाही. एक शाळा बंद झाली, की दुसऱ्या शाळेतलं एक मूल असं गुपचूप बाहेर पडतं.

हे नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला हेच पाहिलं होतं. मुली शाळेत येत नाहीत, कारण काखेत भावंड असतं. त्यांनी मुलींना उपदेश केला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ‘विकासवाडी’ म्हणून तो प्रयोग ओळखला जातो.

मग पुढच्या वेळी काय करता येईल?

आधी मेसेज तपासा. खऱ्या आदेशावर जावक क्रमांक, तारीख आणि कोणत्या इयत्ता, कोणते तालुके हे स्पष्ट असतं. शंका आली तर वर्गशिक्षकांना फोन करा. पुढे ढकललेला फोटो पुरावा नव्हे.

दुसरं, पाळी लावा. एकाच गल्लीतल्या चार घरांनी ठरवलं की पहिल्या सुट्टीला एक घर चौघांची मुलं सांभाळेल, दुसऱ्या सुट्टीला दुसरं, तर वर्षात चार सुट्ट्या आल्या तरी प्रत्येकाचा एकच खाडा पडतो. ज्याच्या घरी मजुरी बुडते, त्याला बाकीच्या तिघांनी थोडे थोडे पैसे द्यायचे, हेही आधीच बोलून ठेवलेलं बरं. ऐनवेळी संकोच होतो. मुलाला बाहेरून कुलूप लावून जाणं मात्र कोणत्याही कारणाने नको. पावसात शॉर्टसर्किट झालं किंवा पाणी शिरलं, तर ते बाहेर पडू शकत नाही.

मालकाशीही सुट्टी नसताना बोला. आठवडी सुट्टी बदलून घेणं किंवा दोन तास उशिरा येऊन संध्याकाळी भरून काढणं अनेक दुकानदार मान्य करतात, पण सकाळी दहाला फोन करून सांगितलं तर नाही.

तिसरी गोष्ट शाळेकडून करून घ्यायची आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. या समितीत शौचालय, गणवेश, आहार यांवर चर्चा होते. अचानक सुट्टीवरही व्हायला हवी. घरी कोणी नसलेल्या मुलांची यादी जूनमध्येच करता येते. त्यांच्यासाठी कोणती खोली उघडी ठेवायची, तिथे कोण थांबेल, व्हॉट्सअ‍ॅप बंद असेल तर निरोप कोणत्या फोनवरून जाईल, हे ठरावात लिहून ठेवता येतं. तोच ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हाधिकारी कार्यालयाकडे पाठवला, तर पुढच्या पावसाळ्यातल्या पत्रात ते एक वाक्य मागण्यासाठी हातात कागद असेल.