अपक्षाची वाट कोणीं अडविली?

महानगरपालिकेची निवडणूक आली कीं आपल्या सुशिक्षित मध्यम वर्गांत एक वाक्य हटकून ऐकूं येतें : ‘माणूस चांगला आहे हो, पण अपक्ष आहे; मत फुकट जाईल.’ असें बोलणाऱ्यास आपण मोठें व्यवहारज्ञान प्रकट करीत आहों असें वाटतें. वस्तुतः तो आपला मतदानाचा हक्क पक्षांच्या तिकीट-वाटपाच्या बैठकींत गहाण टाकीत असतो. तथापि सर्वच दोष मतदाराच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. अपक्षाचा पराभव मतदानापूर्वींच व्हावा अशी तजवीज कायद्यानें करून ठेविली आहे, आणि तिचें नांव बहुसदस्यीय प्रभागपद्धति.

पुण्याचें २०१७ सालचें उदाहरण घ्या. जागा १६२ आणि प्रभाग अवघे ४१. त्यांपैकीं ३९ प्रभागांत चार-चार व दोन प्रभागांत तीन-तीन जागा. २०११ च्या जनगणनेप्रमाणें पालिकेच्या हद्दींतील वस्ती ३१ लाखांहून अधिक. म्हणजे जेथें एका जागेच्या वाट्यास सुमारें १९ हजार माणसें यावयाचीं, तेथें चार जागांच्या प्रभागांत ती संख्या सुमारें ७७ हजार झाली. अपक्षानें जागा एकच लढवावयाची, पण दारें मात्र चौपट लोकांचीं ठोठवावयाचीं! पक्षाच्या चौघांचें पत्रक एक, कचेरी एक, सभा एक आणि चिन्हहि एकच. त्यांचें चिन्ह लोकांस वर्षानुवर्षें पाठ असतें. अपक्षास तें अर्ज मागें घेण्याची मुदत संपल्यावर मिळतें, आणि उरलेल्या थोड्या दिवसांत घरोघर पोंचवावें लागतें. शिवाय मतदारास अ, ब, क, ड अशा चार जागांसाठीं चार मतें द्यावयाचीं असल्यामुळें ‘चारहि ठिकाणीं आमचेंच चिन्ह’ एवढें सांगितलें कीं पक्षाचें काम भागतें. या शर्यतींत अपक्ष हरला तर नवल कसलें?

आणि यांत नुकसान एकट्या अपक्षाचें आहे काय? गल्लींतील गटार तुंबलें तर चौघां नगरसेवकांपैकीं कोणास जाब विचारावा? पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवितो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि श्रेय घेण्याच्या वेळीं मात्र फलकावर चारहि मुखें झळकतात.

या पद्धतीमागें कांहीं तत्त्व असेल तर तें शोधून सांपडत नाहीं. पुण्यांत २००२ सालीं तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ सालीं एकाचा, २०१२ सालीं दोघांचा, २०१७ सालीं चौघांचा. २०१९ च्या अखेरीस सरकारनें पुन्हां एकाचा ठरविला, २०२१ सालीं त्याच सरकारनें तिघांचा केला, आणि २०२२ सालीं नव्या सरकारनें चौघांचा. ज्याच्या हातीं सत्ता त्याच्या हातीं सुरी! स्त्रियांच्या राखीव जागांसाठीं ही सोय हवी असें कोणी म्हणेल, तर मुंबईच्या २२७ जागा एकसदस्यीय असून तेथेंहि निम्म्या जागा स्त्रियांस राखीव आहेतच.

‘अपक्ष विकले जातात,’ हा दुसरा आक्षेप. १९९५ सालीं विधानसभेंत ४५ अपक्ष निवडून आले व त्यांतील पुष्कळांनीं सत्तेची सोयरीक केली, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु २०२२ व २०२३ या सालीं महाराष्ट्रांतील दोन पक्षांचीं शकलें झालीं, तीं करणारे कांहीं अपक्ष नव्हते. पक्षाचा शिक्का ही निष्ठेची हमी नव्हे, एवढें तरी या अनुभवानें शिकावें.

‘एकटा माणूस सभागृहांत काय करणार?’ हा तिसरा आक्षेप. जोतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉयच्या पुणेभेटीसाठीं एक हजार रुपये खर्चण्याच्या ठरावास त्यांनीं एकट्यानेंच विरोध केला. पैसे अडले नाहींत. पण त्या सभेंतील बाकीचे सभासद आज कोणास आठवतात? पाणी, रस्ते, आरोग्य, दिवाबत्ती, स्मशानें असे अठरा विषय घटनेच्या बाराव्या अनुसूचींत नगरपालिकांसाठीं मांडलेले आहेत. यांपैकीं कोणत्या विषयाला पक्षाचा झेंडा लावल्यावांचून हात घालतां येत नाहीं? हिशेबाची वही उघडून ‘हा खर्च कशासाठीं?’ असें विचारणारा एक निर्भय सभासद पक्षादेशानें हात वर करणाऱ्या दहांहून अधिक उपयोगी पडतो.

म्हणून मागणी स्पष्ट आहे : मुंबईस जें लागू आहे तें पुणें, नाशिक, नागपूर या शहरांसहि लागू करा, एक प्रभाग, एक जागा, एक मत. आणि प्रभागाचा आकार प्रत्येक निवडणुकीपूर्वीं बदलण्याचा सरकारचा अधिकार काढून घ्या. हें होईपर्यंत सुशिक्षितांनीं स्वतःपुरतें एक करावें. चार मतें चार वेगळ्या माणसांस देतां येतात. चारहि एकाच चिन्हास देण्याची सक्ति कोणत्याहि कायद्यानें केलेली नाहीं. ज्या जागेसाठीं लायक अपक्ष उभा असेल, त्या जागेचें मत त्याला द्या. तो पडला तरी तें मत फुकट गेलें असें मुळींच समजूं नका. त्याला पडलेल्या प्रत्येक मताची मोजदाद पक्षांच्या बैठकींत होते, आणि पुढील खेपेस तिकीट कोणास द्यावें याचा विचार करतांना ती संख्या त्यांस विसरतां येत नाहीं.