साखरपुडा झाला, लग्न राहिले

पुरुलियावर विमानातून शस्त्रे टाकली गेली, ती १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री. काही दिवसांनी ते विमान मुंबईच्या विमानतळावर उतरवण्यात आले. बाकीचे पकडले गेले, पण ‘किम डेव्ही’ या नावाने वावरणारा डॅनिश नागरिक नील्स होल्क तिथूनच निसटला. पुढे तो मायदेशी उजळ माथ्याने राहू लागला. २०१० मध्ये डेन्मार्क सरकार त्याला आपल्या हवाली करण्यास राजीही झाले. तिथल्या न्यायालयांनी मात्र २०११ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये नकार दिला. भारतात त्याचा छळ होईल, हे कारण!

याचा आपल्याला राग येतो. साहजिकच आहे. पण आपली बाजू लंगडी आहे, हेही मान्य केले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांनी १९८४ मध्ये छळविरोधी करार संमत केला. जिथे छळाचा धोका आहे, अशा देशात कोणालाही पाठवायचे नाही, हे त्यातलेच कलम. या करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. सही म्हणजे साखरपुडा. संमतीपत्र दाखल केल्याखेरीज करार बंधनकारक होत नाही, आणि ते आपण आजवर दिलेले नाही. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ या शेजाऱ्यांनी ते कधीच दिले. (तिथल्या कोठड्या त्यामुळे सुधारल्या, असा कोणाचा दावा नाही.)

आधी देशात कायदा करू, मग संमती देऊ, असे आपले धोरण. त्यासाठीचे विधेयक लोकसभेने मे २०१० मध्ये मंजूर केले. ते होते तरी कसे? तक्रार सहा महिन्यांच्या आत करायची आणि खटल्याला सरकारची परवानगी घ्यायची! ज्याच्यावर आरोप, त्याच्याच मालकाची परवानगी. राज्यसभेने ते निवड समितीकडे पाठवले, समितीने बऱ्याच दुरुस्त्या सुचवल्या आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर विधेयकही संपले. २०१७ मध्ये विधी आयोगाने नवा मसुदा दिला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा कायदा करण्याचा आदेश संसदेला देण्यास नकार दिला.

कबुलीसाठी मारहाण करणे हा आपल्याकडे गुन्हा आहेच, मग वेगळा कायदा कशाला, असे विचारले जाते. खरे आहे. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे तर इंग्रजांनीच १८७२ मध्ये ठरवले. त्यांचाही आपल्या पोलिसांवर भरवसा नव्हता! अडचण आहे ती सिद्ध करण्याची. कोठडीत साक्षीदार कोण? पोलीसच. म्हणून कोठडीत इजा झाली, तर ती पोलिसांनीच केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, अशी शिफारस विधी आयोगाने १९८५ मध्येच केली होती. फौजदारी कायदे २०२४ मध्ये नव्याने लागू झाले, पण ही तरतूद त्यांतही आली नाही.

होल्क अजून भारतीय न्यायालयापुढे उभा राहिलेला नाही.